हावदाल्यापासून रोजच्या संध्याकाळपर्यंत: ज्यू परंपरेप्रमाणे सुगंध आणि सुगंधी तेलं घरात कशी वापरायची

इसेन्शियल ऑइल आणि ज्यू परंपरा असं काही शोधायला गेलं की पहिल्यांदा समोर येतात ते "बायबलमधली बारा तेलं" असले महागडे सेट, त्यावर मोठमोठे दावे, चिंता जाईल, आत्मा शुद्ध होईल वगैरे. मला ते बघून वाईट वाटतं, कारण खरी परंपरा यापेक्षा कितीतरी साधी आहे, स्वस्त आहे आणि मनाला खरंच धरून ठेवणारी आहे. त्यात आधी ब्राखा, म्हणजे देवाचे आभार मानायची छोटी प्रार्थना, आहे मग वास, आधी वेळ ठरलेली आहे मग बाटली. आणि कुठे वापरायचं नाही हेही तितकंच स्पष्ट सांगितलेलं आहे.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, आमच्या पूर्वजांना तिथे शनिवार तेली म्हणायचे, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. पण ते तेल खायचं आणि दिव्याचं, सुगंधाचं नव्हे, त्यामुळे उगाच "आमच्या रक्तातच अरोमाथेरपी आहे" असलं काही मी म्हणणार नाही. सुगंध आमच्याकडे आला तो शब्बाथच्या (शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) आणि तो संपवणाऱ्या हावदाला या विधीच्या वाटेने, जसा जगातल्या सगळ्या ज्यू घरांत आला.

सगळ्याच्या मुळाशी तालमूदमधलं (रब्बी म्हणजे धर्मगुरूंच्या चर्चांचा जुना ग्रंथ) एक वाक्य आहे, ब्राखोत नावाच्या भागात. तिथे प्रश्न विचारलाय की असं काय आहे ज्याचा आनंद आत्म्याला होतो पण शरीराला होत नाही? उत्तर, सुगंध. जेवणाने पोट भरतं, तेल चोळलं की अंग मऊ होतं, वासाने शरीराला तसं काहीच मिळत नाही तरी आतून बरं वाटतं. म्हणून खाण्यापिण्यासारखीच वासाचीही ब्राखा म्हणायची, फुकट उपभोग घ्यायचा नाही. आजचं विज्ञान सांगतं की वासाचा संदेश मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार थेट पोचतो, म्हणूनच एखाद्या वासाने आजीचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे उभं राहतं. पण यावरून "अमुक तेलाने डिप्रेशन बरं होतं" इथपर्यंत उडी मारू नका. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर डॉक्टर आधी, तेल नंतर.

पायरी पहिली: काय बनवायचं नाही ते आधी

हे मी मुद्दाम सगळ्यात वर ठेवलंय कारण नेटवरच्या रेसिपी नेमक्या इथेच घसरतात. तोरातल्या (मोशेच्या पाच पुस्तकांतल्या) शेमोथ म्हणजे निर्गमच्या 30 व्या अध्यायात दोन मिश्रणं दिली आहेत. एक अभिषेकाचं तेल: हिराबोळ 500 शेकेल (जुनं वजन), सुगंधी दालचिनी 250, सुगंधी वेत 250, किद्दा म्हणजे तजासारखी साल 500 आणि एक हिन (जुनं माप) ऑलिव्ह तेल. दुसरं मंदिरात जाळायचा धूप, केतोरेत. आणि दोन्हींच्या खाली तोरा स्वच्छ सांगते की त्याच प्रमाणात स्वतःसाठी बनवायचं नाही, तेल अंगाला लावायला नाही आणि धूप हुंगायला नाही. म्हणून "मोशेच्या काळातलं अस्सल अभिषेक तेल घरी बनवा" असा व्हिडिओ दिसला तर सोडून द्या, ते परंपरेच्या नावाने परंपरेच्याच विरुद्ध आहे. यातली एकेक वस्तू सुटी वापरायला मात्र काही हरकत नाही. दालचिनी हुंगा, लोबान हुंगा, फक्त ते ठरलेलं मिश्रण त्या मापाने करू नका.

केतोरेतमध्ये तालमूदच्या यादीप्रमाणे अकरा जिन्नस आणि एकूण 368 माने (हेही जुनं वजन) माल लागायचा. त्यातले दोन जिन्नस आपल्या हिमालयातले, जटामांसी आणि कोष्ठ, तेव्हा ते इथून तिथपर्यंत जायचे. जटामांसी आज जंगलातून इतकी ओरबाडली गेलीय की ती नष्ट होण्याच्या मार्गावर आहे, त्यामुळे "बायबलमधलं नार्ड" म्हणून ती विकत घेण्याचा मोह मी तरी टाळते. आणि एक जिन्नस हेल्बेना, हा डिंक एकटा असला तर त्याचा वास वाईट. तरी तो धुपात हवाच. तालमूद म्हणतो की ज्या उपासात पापी माणसं सामील नाहीत तो उपासच नाही, आणि दाखला देतो या हेल्बेनाचा. समाजातल्या कुणाला बाजूला ठेवून प्रार्थना पुरी होत नाही. मन जड असेल, आपणच कुठे बसत नाही असं वाटत असेल तेव्हा हे आठवून बघा, मला याचा आधार कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त वाटतो.

पायरी दुसरी: सामान जमवणं

सुरुवातीला तेल घेऊच नका. आधी खरी वस्तू घ्या, लवंग, दालचिनी, वेलची, गुलाबाच्या सुक्या पाकळ्या, कुंडीतला पुदिना किंवा मोगरा. लवंग फोडली की तेल बोटाला लागलं पाहिजे, वाळून कोरड्या ठक्क झालेल्या लवंगेला वास नसतो. मसाल्याच्या दुकानात नखाने दाबून बघा, तेलकट ओल दिसली तर घ्या. युरोपातल्या अश्केनाझी घरांमध्ये लवंग ठेवायला चांदीची मनोऱ्यासारखी जाळीदार डबी असते, सेफार्दी आणि पूर्वेकडच्या घरांत हादास म्हणजे मर्टल या सुगंधी झुडपाच्या डहाळ्या नाहीतर गुलाबपाणी. डबी नसेल तर स्टीलची छोटी डबी चालते, झाकण घट्ट बसलं की झालं.

मग तेलं. बाटलीवर बघायच्या गोष्टी अशा: वनस्पतीचं शास्त्रीय नाव, झाडाचा कुठला भाग, कुठल्या देशातलं, बॅच नंबर. नुसतं "फ्रॅग्रन्स ऑइल" किंवा "अरोमा ऑइल" लिहिलं असेल तर ते बहुतेक वेळा केमिकल वास, आणि त्याचा परिणाम ब्राखावरही होतो, ते पुढे सांगते. एक किलो गुलाबाचं तेल काढायला काही हजार किलो फुलं लागतात, मग दोनशे रुपयांत दहा मिली "शुद्ध गुलाब तेल" येईल कुठून? गुलाब हवा असेल तर चांगलं गुलाबपाणी घ्या.

आता नावांचा घोळ, इथे पैसे वाया जातात आणि कधी कधी तब्येतही.

लोबान म्हणून आपल्याकडे जे मिळतं ते बऱ्याचदा बेंझोइन असतं, वेगळ्याच झाडाचा डिंक. तोरामधला लेवोना म्हणजे बोसवेलिया जातीच्या झाडाचा डिंक, ओमान सोमालियाकडचा, आणि त्याचाच भारतातला भाऊबंद म्हणजे सालई. म्हणजे सालईचा डिंक त्याला जास्त जवळचा आणि स्वस्तही. मर म्हणजे इंग्रजीतला मिऱ्ह हवा असेल तर दुकानात हिराबोळ मागा.

सीडर तेलाचंही तसंच. अमेरिकेतून येणारं "सीडरवूड" पुष्कळदा ज्युनिपर असतं. लेबनॉनच्या सीडरचा सख्खा नातलग आपला देवदार आहे, तेव्हा देवदाराचं तेल घेतलंत तर जास्त बरोबर.

आणि हिसप. दाविदाच्या 51 व्या स्तोत्रात "एझोवने मला शुद्ध कर" असं आहे, म्हणून हिसप तेल "आत्मशुद्धी"साठी विकतात. पण तोरामधला एझोव म्हणजे ओरेगॅनोच्या कुळातली झुडपी वनस्पती, ज्याचा झातार बनतो. बाजारात हिसप नावाने जे तेल मिळतं ते दुसऱ्याच झाडाचं, आणि त्यात असे घटक असतात की जास्त झालं तर फिट्स येऊ शकतात. ते घरात आणूच नका. झातार मसाला आणा, भाकरीवर ऑलिव्ह तेलाबरोबर घाला, वासही मिळेल आणि पोटही भरेल.

पायरी तिसरी: ब्राखा शिकून घेणं

बाकीच्या पायऱ्या यावर उभ्या आहेत म्हणून घाई करू नका. सुरुवात नेहमीचीच, बारूख अत्ता पासून मेलेख हाओलाम पर्यंत, शेवट वस्तूप्रमाणे बदलतो. झाडाझुडपाचा वास असेल, मोगरा, गुलाब, हादास, तर "बोरे अत्से बेसामीम". मऊ पाल्याची वनस्पती असेल, पुदिना किंवा सब्जा, तर "बोरे इस्वे बेसामीम". खायच्या फळाचा वास मुद्दाम घेत असाल तर "हानोतेन रेआख तोव बापेरोथ". आणि बाकी सगळं, मिश्रण, कस्तुरीसारखं प्राण्यापासून आलेलं, किंवा तुम्हाला नक्की ठरवताच येत नाहीये असं काहीही, त्याला "बोरे मिने बेसामीम". अडलं की ही शेवटची म्हणायची. वेगवेगळ्या समाजांत एखाद्या वस्तूबद्दल थोडं इकडेतिकडे होतं, तेव्हा आपल्या सिनेगॉगच्या (प्रार्थनाघराच्या) हझनला म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याला किंवा रब्बींना विचारून एकदा नक्की करून टाका.

एक पाचवी ब्राखा फक्त एका तेलासाठी होती, "बोरे शेमेन आरेव", गोड तेल निर्माण करणारा. हे तेल म्हणजे बाल्सम, मृत समुद्राच्या काठी एन गेदी आणि यरीहोला त्याच्या बागा होत्या. एन गेदीच्या जुन्या सिनेगॉगच्या मोझेक फरशीवर अरामी भाषेत शाप लिहिलाय, गावाचं गुपित जो बाहेर सांगेल त्याला. ते गुपित म्हणजे या तेलाची कृती असं बरेच अभ्यासक मानतात. ते झाड तिथून नाहीसं झालं. एका तेलासाठी वेगळी ब्राखा ठेवणारी माणसं वासाकडे किती बारकाईने बघत असतील याचा विचार केला की मला फार छान वाटतं.

ब्राखा कधी म्हणायची नाही तेही शिका. वास झाकायला वापरलेल्या वासाला ब्राखा नाही. मासे तळलेत, घरभर वास पसरलाय म्हणून डिफ्यूझर (पाण्यातून तेलाचा वास पसरवणारं विजेचं यंत्र) लावला, ब्राखा नाही. बाथरूममधलं फ्रेशनर, नाही. मयतापाशी ठेवलेला सुगंध, नाही, कारण तो हुंगायला ठेवलेलाच नसतो. कपड्याला राहिलेला वास, ज्याची मूळ वस्तू समोर नाही, त्यालाही नाही. आणि केमिकलपासून बनवलेल्या वासावर ब्राखा म्हणू नये असं अनेक रब्बींचं मत आहे, म्हणूनच मी वर बाटली तपासा म्हटलं. अस्सल तेल असेल तरी हावदाल्याला मी तेल नाही, खरी लवंगच धरते, शंकाच नको.

पायरी चौथी: शुक्रवार

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. रब्बी शिमोन बार योखाय आणि त्यांचा मुलगा एलाझार रोमन लोकांपासून लपून बारा वर्षं गुहेत राहिले, फक्त तोरा शिकत. बाहेर आले तर लोक नांगरत पेरत होते, आणि ते बघून या दोघांना इतका राग आला की जिथे नजर टाकतील तिथे आग. आकाशवाणी झाली, माझं जग जाळायला बाहेर आलात का, परत जा. आणखी बारा महिने आत. मग दुसऱ्यांदा बाहेर आले तो शुक्रवार, दिवस बुडायला आलेला, आणि त्यांना दिसला एक म्हातारा माणूस, हातात हादासच्या दोन जुड्या घेऊन पळत चाललेला. विचारलं, हे कशाला? म्हणाला, शब्बाथच्या मानासाठी. एक नसती पुरली? म्हणाला, एक "आठव" साठी आणि एक "पाळ" साठी, कारण दहा आज्ञांमध्ये शब्बाथ एकदा आठवायला सांगितलाय आणि एकदा पाळायला. रब्बी मुलाला म्हणाले, बघ, इस्रायलच्या लोकांना मित्स्वा म्हणजे धर्माज्ञा किती प्रिय आहेत. आणि तालमूद म्हणतो, त्या दोघांचं मन शांत झालं.

तेरा वर्षांचा अभ्यास जे करू शकला नाही ते दोन जुड्यांनी केलं. आणि वास घेतल्याने सुद्धा नाही, कुणीतरी शब्बाथसाठी धावपळ करतंय हे दिसल्याने. म्हणून माझं म्हणणं असं की शुक्रवारची तयारी हाच अर्धा उपचार आहे. सोळाव्या शतकात इस्रायलमधल्या सफेद नावाच्या गावातल्या रब्बी इसहाक लुरिया यांच्या रिवाजाने आजही काही घरांत शुक्रवारी रात्री टेबलावर दोन जुड्या ठेवून ब्राखा म्हणून हुंगतात.

आता करायचं काय ते. दुपारीच दोन छोट्या जुड्या बांधा, हादास मिळाला तर उत्तम, नाहीतर पुदिना, सब्जा, मोगऱ्याच्या डहाळ्या, जे गच्चीत असेल ते. पाण्यात उभ्या ठेवा. तेल वापरायचं असेल तर ते दिवे लावण्याच्या आधी. डिफ्यूझरमध्ये साधारण 100 मिली पाण्याला तीन ते पाच थेंब, वीस पंचवीस मिनिटं, खिडकी उघडी, आणि मग मेणबत्त्या लावायच्या आत बंद. शब्बाथभर वास हवा असेल तर काड्यांचा रीड डिफ्यूझर शुक्रवारीच ठेवून द्या, त्याला वीज नाही, आग नाही. पणतीवरचा ऑइल बर्नर रात्रभर जळत ठेवू नका, पाणी संपलं की तेल पेटू शकतं, आणि शब्बाथला तुम्ही तो विझवणारही नाही.

पायरी पाचवी: शब्बाथच्या दिवशी

हुंगायला पूर्ण परवानगी, उलट चांगलंच. तालमूद दिवसाला शंभर ब्राखा म्हणायला सांगतो, आणि शब्बाथला प्रार्थनेतल्या ब्राखा कमी होतात, तेव्हा काही रब्बी ती भरपाई सुगंधाने आणि खाऊने करायचे. जेवण झाल्यावर जुडी फिरवा, एकेकाला ब्राखा म्हणू द्या, लहान मुलांना हे जाम आवडतं.

पण नवीन वास "निर्माण" करायचा नाही. म्हणजे कापडावर, रुमालावर, पाण्यात तेलाचा थेंब टाकायचा नाही, डिफ्यूझर सुरू किंवा बंद करायचा नाही. बाम किंवा घट्ट क्रीम चोळायचं नाही, कारण पसरवून गुळगुळीत करणं हे शब्बाथला निषिद्ध काम आहे. पातळ तेल अंगाला लावायचं असेल तर रब्बींना विचारा. कुंडीतलं पान तोडायचं नाही, वाकून हुंगा. इथे एक फार गोड नियम आहे: झाडावरचा हादास हुंगलेला चालतो पण झाडावरचं खायचं फळ हुंगायचं नाही, कारण हादासचा उपयोगच वास, तो मिळाला की समाधान, फळाचा वास आला तर तोंडाला पाणी सुटेल आणि हात तोडायला जाईल. माणसाचं मन कसं चालतं हे ज्यांना कळतं त्यांनीच असे नियम करावेत.

पायरी सहावी: हावदाला

सगळ्या सुगंधाचा हा कळस, आणि बाकी काही जमलं नाही तरी हे एवढं करा.

शब्बाथला माणसाला एक जादा आत्मा मिळतो, नेशामा येतेरा, असं तालमूद सांगतो, आणि शनिवारी रात्री तो निघून जातो. मध्ययुगातले थोर धर्मपंडित रामबाम लिहितात की शब्बाथ संपल्याने आत्म्याला दुःख होतं, म्हणून चांगल्या वासाने त्याला आनंद द्यायचा, शांत करायचं. रविवारच्या कामाचं टेन्शन शनिवारी रात्रीच छातीवर येऊन बसतं ते ज्याने अनुभवलंय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. परंपरा त्या उदासीला नाकारत नाही, तिच्यासाठी वेळ ठरवून देते आणि हातात लवंग देते.

तीन तारे दिसले की, नक्की वेळ कॅलेंडरवर असते, घरातले मोठे दिवे कमी करा. टेबलावर द्राक्षरसाचा पेला काठोकाठ, बेसामीमची म्हणजे सुगंधी वस्तूंची डबी, आणि अनेक वातींची वेणी घातलेली मेणबत्ती. क्रम ठरलेला, आधी रस, मग सुगंध, मग ज्योत, मग शब्बाथ आणि बाकी दिवस वेगळे करण्याची ब्राखा. रसाची ब्राखा झाली की पेला डाव्या हातात, डबी उजव्या हातात. डबी उघडण्याआधी एकदा हलवा म्हणजे वास मोकळा होतो. ब्राखा, "बोरे मिने बेसामीम", सगळ्यांनी आमेन, आणि मग हुंगायचं, मध्ये काही बोलायचं नाही. घाई नको, एक श्वास घ्या, थांबा, दुसरा घ्या. डबी आजीपासून लहान नातवापर्यंत फिरू द्या, प्रत्येकाने नाकापाशी धरून बघितलीच पाहिजे, मग मेणबत्तीच्या उजेडात नखं बघायची.

ज्याला वासच येत नाही, सर्दीने किंवा कोविडनंतर अनेकांचा गेला तसा, त्याने सुगंधाची ब्राखा स्वतः म्हणायची नाही, घरातल्या दुसऱ्याने म्हणायची आणि त्याने बाकीचं पुरं करायचं. यात कमीपणा काहीच नाही. शनिवारी रात्री लागून सण सुरू होत असेल तर हावदाल्यात बेसामीम नसतं, सणाचा आनंदच पुरतो.

मग एलियाहू हन्नाबीची (संदेष्टा एलियाची) गाणी, आमच्याकडे तर मलिदा या आभार मानायच्या विधीतही एलियाहू हन्नाबीच, पोहे, नारळ, साखर, वेलची आणि फळांचं ताट मांडून. त्या वेलचीचा वास आला की कुठलाही बेने इस्रायल माणूस मग तो अलिबागचा असो की इस्रायलमधल्या अश्दोदचा, एकदम घरी पोचतो.

पायरी सातवी: आठवड्यातले बाकी दिवस

तेलांचा खरा उपयोग इथे. रात्री झोपताना शेमा ही प्रार्थना म्हणायच्या आधी किंवा तेहिलीम म्हणजे स्तोत्रं वाचायला बसताना दोन मिनिटं काढा. रुमालावर एक थेंब देवदार नाहीतर लॅव्हेंडर. हातात धरा, कुठल्या झाडाचं आहे ते मनात आणा, ब्राखा, मग हळू श्वास. मग आजच्या दिवसात काय बोललो, कुणाला दुखावलं, कशाबद्दल आभार मानायचे, एवढंच. वास एकच ठेवा, रोज बदलू नका, म्हणजे काही दिवसांनी तो वास आला की मन आपोआप बसतं. एलूल महिन्यात, रोश हशाना म्हणजे ज्यू नववर्षाच्या आधी, ही सवय लावून बघा.

अंगाला लावायचं असेल तर खोबरेल किंवा बदाम तेलात पातळ करूनच, 10 मिलीला दोन थेंब म्हणजे साधारण एक टक्का. दालचिनी सालीचं तेल त्वचेला लावूच नका, भाजतं. लवंग तेलही फार जपून. लिंबू, बर्गमॉट लावून उन्हात गेलात तर डाग पडू शकतात. कुठलंही इसेन्शियल ऑइल प्यायचं नाही, पाण्यात थेंब टाकूनही नाही, कोशर म्हणजे धर्माने खायला चालतं असा शिक्का असला तरी नाही. दोन वर्षांखालच्या बाळाच्या खोलीत डिफ्यूझर नकोच, आणि निलगिरी, पेपरमिंट, कापूर लहान मुलांच्या नाकापाशी आणू नका. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांना कापूर आणि मेंथॉलपासून लांबच ठेवा, इराकी आणि कुर्दिश मुळाच्या ज्यू कुटुंबांत ही कमतरता जास्त सापडते, तेव्हा माहीत नसेल तर डॉक्टरांना विचारा. दमा, गरोदरपण, फिट्सचा त्रास, इथेही आधी डॉक्टर. घरात मांजर असेल तर टी ट्री विसरा, मांजराचं लिव्हर अशी तेलं पचवू शकत नाही.

पायरी आठवी: सुगंध बाजूला ठेवायचे दिवस, आणि परत आणायचे

तिशा बाआवला, मंदिर उद्ध्वस्त झालं त्या दिवशी, सुगंध हुंगत नाहीत, आणि तो शनिवारी रात्री सुरू झाला तर हावदाल्याचं बेसामीमही गाळतात. शिवा म्हणजे मयतानंतरचा सात दिवसांचा शोक पाळत बसलेल्या घरात अगरबत्ती, तेलं, सुगंध घेऊन जाऊ नका. दुःखात असलेल्या माणसाला "हे हुंग, बरं वाटेल" म्हणणं चांगल्या मनाने होतं पण परंपरा सांगते की त्याला दुःख करू द्या, तुम्ही जेवण घेऊन जा आणि गप्प शेजारी बसा.

किप्पूर या मोठ्या उपासाच्या दिवशी मात्र उलट. अंगाला तेल लावणं बंद, खाणं बंद, पाणी बंद, पण हुंगणं चालू. त्या दिवशी जेवणाच्या ब्राखा नाहीत, मग शंभर ब्राखा पूर्ण करायला सिनेगॉगमध्ये लवंगांची डबी किंवा गुलाबपाणी एका हातातून दुसऱ्या हातात जातं, आणि दुपारी उपासाने डोकं दुखत असताना त्या लवंगेने केवढी तरतरी येते.

मग सुक्कोथ, मांडवांचा सण. लुलाव म्हणजे खजुराच्या झावळीबरोबर बांधलेला हादास सणभर हुंगायचा नाही, तो मित्स्वासाठी राखलेला असतो, आणि एत्रोग या लिंबासारख्या फळाचा वासही तेव्हा टाळतात. सण संपला की दोन्ही मोकळे. हादास सुकवून बेसामीमच्या डबीत घाला. एत्रोगला दाभणाने ओळीने भोकं पाडा, अगदी जवळजवळ नको कारण सुकताना फळ आकसतं आणि साल फाटते, प्रत्येक भोकात एक लवंग डोक्यापर्यंत खोचा. अंगठ्याला टोपण घाला, लवंगेची डोकी बोचतात. मुंबईत ऑक्टोबरची हीट असली तरी दमट हवेत बुरशी धरते, म्हणून पंख्याखाली कागदावर ठेवा, रोज उलटापालटा करा, ओला ठिपका दिसला तर तिथे आणखी एक लवंग. एत्रोग नसेल तर मंडईत मिळणारं महाळुंग घ्या, मित्स्वाला ते चालत नाही पण वासाला तेच फळ. काही आठवड्यांत ते कडक, तपकिरी, हलकं होतं आणि नीट सुकलं तर पुढच्या सुक्कोथपर्यंत दर शनिवारी रात्री डबीच्या जागी हातात धरता येतं.